दीड एकर आणि ऐंशी कोटी पेशी

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. यंदा पहिल्याच आठवड्यात सहावीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, टोबून झाली होती, पाऊस दडी मारून बसला होता. अशा दिवसांत शेतकरी वावर सोडून शाळेची पायरी चढतो तेव्हा काहीतरी मोठे असते. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

"गुरजी, हे पाहा जी. याच्यात सांगतेत का स्टेम सेल टोचले का शुगर मुळापासून जाते म्हणून. पोरीची सुई कायमची सुटते म्हणतेत. दीड एकर इकलं तं होईन काय?"

त्यांच्याकडे चार एकर कोरडवाहू आहे. पोरगी चौथीत असताना सारखी पाणी प्यायला लागली, रात्री अंथरूण ओले होऊ लागले, महिन्याभरात फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. आजीने लघवीला मुंग्या लागलेल्या पाहिल्या होत्या, पण लेकराला साखरेची बिमारी होते हे घरात कोणाच्या गावीही नव्हते. उलट्या सुरू झाल्या तेव्हा जवळच्या दवाखान्यात गॅस्ट्रो म्हणून दोन दिवस सलाइन लागले. तिसऱ्या दिवशी श्वास जोरात चालायला लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास यायला लागला आणि यवतमाळला पोहोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. तिथे बोटातले रक्त मशीनला लावले तर आकडाच उमटला नाही. साखर मशीनच्या मोजमापापलीकडे गेली होती. ती वाचली. तेव्हापासून रोज इन्सुलिनच्या चार सुया, म्हणजे वर्षाला जवळपास दीड हजार.

मी लगेच म्हणालो, "भाऊ, वावर विकू नका."

"म्हंजे हे खोटं हाय?"

तिथे मी अडखळलो. मूलपेशींनी, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या स्टेम सेलनी, टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांची सुई सुटली, हे खरे आहे. त्या मोबाइलवर जे विकले जात होते ते मात्र खरे नाही. या दोहोंमधली जागा मला त्या दिवशी उभ्या उभ्या समजावता आली नाही. हा लेख म्हणजे त्या बापाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. आणि उत्तर शोधता शोधता माझी खात्री पटत गेली की हा प्रश्न एकट्या बापावर सोडून देण्यासारखा नाही. मूलपेशींपासून बनवलेली बेटे हा टाइप १ मधुमेहावरचा आजवरचा सर्वांत आशादायक मार्ग आहे. पण ज्या रूपात तो अमेरिकेत येऊ घातला आहे, त्या रूपात तो विदर्भाच्या खेड्यातल्या लेकरांना झेपणारा नाही. आपल्याला झेपेल असे रूप आपणच मागायला हवे, आपणच शोधायला हवे आणि ते हाती येईपर्यंत ही लेकरे मोजून, नोंदवून, जगवायला हवीत.

'बेटे' हा शब्द ऐकून त्या वडिलांना नवल वाटले होते, म्हणून तिथून सुरुवात करतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस तयार करतो. पण त्या भागात जागोजागी पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात, पाण्यात बेटे असावीत तसे. १८६९ साली पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा पाहिले. एका स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, तरी वजनाने ती स्वादुपिंडाच्या शेकडा एक-दोन भागच भरतात. त्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर क्षणाक्षणाला चाखतात आणि लागेल तेवढेच इन्सुलिन सोडतात. टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींना शत्रू समजून मारून टाकते. लेकराने गोड जास्त खाल्ले म्हणून हे होत नाही, आईचे काही चुकले म्हणूनही होत नाही. हे वाक्य मला आमच्या गावातल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहावेसे वाटते. त्या पोरीच्या मायने दोन वर्षे सासरचे बोल ऐकले आहेत.

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडले आणि मरणारी मुले जगू लागली. पण बाहेरून टोचलेले इन्सुलिन साखर चाखू शकत नाही. ते काम आई करते, मुलगी करते, बोटाला टोचून, अंदाज बांधून. अंदाज चुकला की साखर कोसळते. आमच्याकडे अशी कोसळलेली पोर वर्गात थरथरली, घामेजली, डोळे फिरवले की लोक म्हणतात मिरगी आली, नाहीतर बाहेरचे काही लागले. म्हणून डॉक्टरांच्या मनात शंभर वर्षे एकच प्रश्न घोळत आहे: साखर चाखणारी ती बेटेच परत देता येतील का?

देता येतात, हे कॅनडातल्या एडमंटन शहरात २००० साली सिद्ध झाले. डॉ. जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूमृत दात्यांच्या स्वादुपिंडातून बेटे वेगळी काढली आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून सात रुग्णांच्या शरीरात सोडली. सातही जणांची सुई सुटली. पुढे मात्र बहुतेकांना पाच वर्षांच्या आत पुन्हा थोडेफार इन्सुलिन सुरू करावे लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दात्यांच्या बेटांपासूनच्या अशा उपचाराला २०२३च्या जूनमध्ये मान्यता दिली. त्यामागच्या अभ्यासात तीस रुग्ण होते. एकवीस जण वर्षभर किंवा अधिक काळ इन्सुलिनशिवाय राहिले, पाच जणांची सुई एक दिवसही सुटली नाही.

यातल्या दोन अडचणी आमच्या भागातल्या शेतकऱ्याला सर्वांत लवकर समजतात, कारण त्या बियाण्याच्या आणि रोपाच्या अडचणी आहेत.

पहिली, बियाणेच अपुरे. एका रुग्णाला अनेकदा दोन-तीन दात्यांची बेटे लागतात. भारतात दर दहा लाख लोकांमागे मृत्यूनंतर अवयव देणारा एक दातासुद्धा मिळत नाही. नागपूरचे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र विदर्भात चांगले काम करते. पोलीस रस्ता मोकळा करून देतात आणि एखादे यकृत किंवा मूत्रपिंड वेळेत पोहोचते, ही बातमी वाचून प्रत्येक वेळी माझा ऊर भरून येतो. पण त्या वाटेने टाइप १च्या सगळ्या लेकरांपर्यंत पोहोचणे शक्य नाही.

दुसरी अडचण रोप जगण्याची. संत्र्याचे कलम जागेवरून हलवताना आपण मुळाभोवतीची माती सांभाळतो. माती झडली की कलम मान टाकते. स्वादुपिंडातून बेटे काढताना नेमके तेच होते: विकर (एन्झाइम) वापरून आजूबाजूची उती विरघळवावी लागते, त्यात बेटांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात, त्यांना धरून ठेवणारा आधार जातो. अशी उघडी पडलेली बेटे यकृतातल्या रक्तात गेली की रक्तच त्यांच्यावर तुटून पडते. बरीचशी बेटे पहिल्या काही दिवसांतच मरतात. शेतात नांग्या, म्हणजे रोप न जगलेल्या रिकाम्या जागा, पडतात तशा पडतात, आणि भरायला दुसरे बियाणे नसते.

मूलपेशी या दोन्ही अडचणींवर कामी येतात, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी. जाहिराती नेमकी इथेच गल्लत करतात, म्हणून हे नीट वेगळे करून सांगतो.

अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांतून मिळणाऱ्या मेसेन्कायमल मूलपेशी या मुळाभोवतीच्या मातीसारख्या. त्या स्वतः बीटा पेशी बनून इन्सुलिन देऊ लागतात असे नाही. बेटांच्या सोबत ठेवल्या तर नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे आणि दाह शमवणारे पदार्थ त्या सोडतात. उंदरांवर आणि माकडांवरच्या प्रयोगांत अशा सोबतीने बेटे चांगली रुजलेली दिसली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवर आणि मूलपेशींवर वर्षानुवर्षे काम केले, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या मूलपेशी म्हणजे खुद्द बियाणे. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या मूलपेशीपासून, किंवा मोठ्या माणसाच्या साध्या पेशीला मागे नेऊन बनवलेल्या मूलपेशीपासून, शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते. हार्वर्डचे डग्लस मेल्टन यांच्या मुलाला तान्हेपणीच टाइप १ झाला, पुढे मुलीलाही. त्यांनी बाकीचे संशोधन बाजूला ठेवून याच कामाला वाहून घेतले आणि २०१४ साली प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर बीटा पेशी तयार करून दाखवल्या. बापाच्या जिवाची तगमग किती लांब नेऊ शकते! त्यांच्या शोधावर उभी राहिलेली कंपनी बोस्टनच्या व्हर्टेक्स या औषध कंपनीने २०१९ साली ९५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०२५च्या जूनमध्ये व्हर्टेक्सच्या चाचणीचे निष्कर्ष आले. बारा रुग्णांना प्रत्येकी ऐंशी कोटी पेशींचा एक पूर्ण डोस दिला होता. वर्षाअखेरीस बारापैकी दहा जणांना इन्सुलिनची गरज उरली नव्हती आणि साखर जीवघेणी कोसळण्याचा प्रकार बाराही जणांत थांबला होता.

मी हे वाचले तेव्हा त्या पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि बराच वेळ पुढचे वाचता आले नाही.

मग पुढचे वाचले. ही चाचणी १८ ते ६५ वयाच्या, साखर वारंवार धोकादायक कोसळणाऱ्या रुग्णांसाठी होती, लेकरांसाठी नव्हती. आणि प्रत्येकाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू होती. दुसऱ्याच्या पेशी शरीराने स्वीकाराव्यात म्हणून ती बेटे आहेत तोवर घ्यावीच लागतात. चाचणीत दोन मृत्यू झाले. एक आधीपासूनच्या मेंदूच्या आजाराने. दुसरा मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला असेच संसर्ग गाठतात.

आता हे चित्र बोस्टनमधून उचलून घाटंजी, केळापूर, एटापल्ली, धारणी इथे ठेवून पाहा. इथे टीबी घराघरात आहे. गडचिरोलीत मलेरिया आहे, पावसाळ्यात गवतातून येणारा स्क्रब टायफस आहे, विहिरीचे पाणी गढूळ आहे, मूल अनवाणी वावरात जाते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी नियमित मोजावी लागते. कमी झाली तर बेटे जातात, जास्त झाली तर मूत्रपिंडावर बेतते. ती तपासणी तालुक्याच्या गावी होत नाही. नागपूरला जायचे तर एक दिवस, दोन माणसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. एखाद्या लेकराची सुई सोडवून त्याला टीबीच्या तोंडी देणे, हा सौदा मी कुठल्याही बापाला सुचवणार नाही. फुकट मिळाला तरी नाही.

म्हणूनच माझे म्हणणे असे की आपल्यासाठी महत्त्वाचा प्रश्न 'बेटे कशी बनवायची' याच्या पुढचा आहे: ती प्रतिकारशक्तीला न दिसता कशी राहतील? श्रीमंत देशात ही सोय म्हणून पाहिली जाईल, आपल्यासाठी ती पहिली अट आहे. या दिशेने वाट निघते आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथे एका रुग्णाच्या दंडाखालच्या, म्हणजे हाताच्या पुढच्या भागातल्या स्नायूत दात्याची बेटे ठेवली गेली. आधी त्यांच्या जनुकांत असे बदल केले होते की शरीराने त्यांना परके म्हणून ओळखू नये. प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध न देता ती जगली आणि इन्सुलिन करू लागली. डोस मुद्दाम लहान होता, त्यामुळे त्या रुग्णाची सुई सुटलेली नाही. पण दार किलकिले झाले. चीनमधल्या तिआनजिनमध्ये एका तरुणीच्या स्वतःच्याच चरबीतल्या पेशींपासून बेटे बनवून पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली, आणि अडीच महिन्यांत तिचे इन्सुलिन थांबले. ती यकृत प्रत्यारोपणामुळे आधीपासूनच औषधांवर होती, म्हणून औषधांशिवाय काय झाले असते याचे उत्तर त्या एका रुग्णावरून मिळत नाही. व्हर्टेक्सने पेशी एका संरक्षक डबीत बंद करून ठेवण्याचाही प्रयत्न केला होता. तो पुरेसा परिणाम न दिसल्याने २०२५ मध्ये थांबवला.

इतक्या कष्टाने, एकेक पाऊल टाकत चाललेल्या या कामाचे नाव घेऊन जेव्हा कोणी दोन बाटल्या पेशी शिरेतून सोडून 'शुगर मुळापासून' असे विकतो, तेव्हा मला संताप येतो. तो बापाच्या आशेवर दरोडा आहे. आपल्या देशाचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणी असेल तर ती देशाच्या नोंदणीत, सीटीआरआयमध्ये, असावीच लागते; ती नोंदणी कोणीही मोबाइलवर फुकट पाहू शकतो. मी त्या वडिलांना इतकेच शिकवले: नोंदणी क्रमांक मागा. त्यांनी जाहिरातीवरच्या नंबरवर फोन लावून विचारले. पलीकडून आधी 'आमचे डॉक्टर बोलतील' असे उत्तर आले, मग फोन उचलणे बंद झाले.

आता माझ्याशी मतभेद असणाऱ्यांकडे वळतो. आरोग्य खात्यात आयुष्य घालवलेल्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिनची कुपी वेळेवर मिळत नाही, तिथे जनुक बदललेल्या पेशींच्या गोष्टी कशाला करता?" हा प्रश्न मी झटकत नाही. लेकरू आज जगले तरच उद्याच्या बेटांना अर्थ आहे. आणि आज जगवायला लागणाऱ्या गोष्टी किती साध्या आहेत!

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, लाइन तासन् तास जाते, पुष्कळ घरांत फ्रिज नाही. इन्सुलिन उकाड्याने खराब होते, आणि खराब झालेले डोळ्यांना दिसत नाही. यावर उपाय आजीच्या घरचाच आहे: एक मोठे मडके, त्यात लहान मडके, मधे ओली रेती. केनियातल्या दादाब छावणीतल्या उन्हाचा विचार करून जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सने २०२१ साली दाखवून दिले की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे टिकते. मडके आतल्या इन्सुलिनचे तापमान त्या पट्ट्यात आणून ठेवायला मदत करते. हे एका आशाताईने घरी येऊन दाखवले तर दहा मिनिटांचे काम आहे.

सिरिंजचेही तसेच. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांत एका मिलीत ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १०० युनिट. चाळीसच्या कुपीची सिरिंज लाल टोपणाची, शंभरची नारिंगी टोपणाची. मेडिकलवाल्याकडे लाल संपली म्हणून नारिंगी दिली आणि घरच्यांनी पूर्वीच्याच खुणेपर्यंत भरली, तर लेकराला निम्म्याहून कमी डोस जातो. पेनच्या काडतुसातून लाल सिरिंजने ओढले तर अडीचपट. घरात कोणी हे सांगितलेलेच नसते.

आणि विदर्भाचा म्हणून एक खास गुंता आहे, तो मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांच्या लक्षात सहसा येत नाही. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी लाल रक्तपेशींच्या आयुष्यावर बेतलेली आहे. सिकलसेल असलेल्या रुग्णाच्या रक्तपेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा फसवा, अनेकदा खऱ्यापेक्षा कमी येतो. साखर चढलेली असते आणि कागद म्हणतो सगळे छान. शिवाय लहानपणापासूनच्या कुपोषणातून येणारा मधुमेह वेगळाच. त्याला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. हाडकुळा तरुण, साखर चढलेली, पण प्रतिकारशक्तीचा हल्ला नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांनी या आजारावर वर्षानुवर्षे काम केले आहे. मेळघाटात असे किती जण टाइप १ समजून सुया घेत असतील, आणि किती जण काहीच न घेता? बेटांचा उपचार उद्या आला तरी तो कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे ठरवण्याची पहिली पायरी इथेच आहे.

तेव्हा माझे त्या स्नेह्यांना उत्तर असे: आजचे इन्सुलिन आणि उद्याची बेटे यांची एकाच पैशासाठी भांडणे लावू नका. दोन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे नोंद. आयसीएमआरची तरुण मधुमेहींची नोंदणी २००६ पासून आहे, पण ती दवाखान्यात पोहोचलेल्यांची. जे लेकरू गॅस्ट्रो म्हणून सलाइनवर गेले, ते कुठल्याच वहीत नाही. सिकलसेलसाठी आपण गावोगाव तपासण्या केल्या, कार्डे दिली. मग टाइप १साठी तालुकावार वही का नाही? त्या वहीतून इन्सुलिनची आणि साखर मोजायच्या पट्ट्यांची मागणी आपोआप निघेल, शाळेला कळेल की कोणाच्या दप्तरात साखरेची पुडी हवी, आणि चाचणी सुरू होईल तेव्हा 'खेड्यातले रुग्ण मिळत नाहीत' हे कारण उरणार नाही.

संशोधनाच्या बाजूला मी निराश नाही. रक्ताच्या कर्करोगावरचा पेशी-उपचार परदेशात तीन-चार कोटींचा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून आपला स्वतःचा विकसित केला, त्याला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली, आणि तो त्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास मिळू लागला. तीस-चाळीस लाख हीसुद्धा आमच्या गावाला न पेलणारी रक्कम आहे, हे मला कळते. पण पेशी माणसाच्या शरीराबाहेर वाढवून, जनुक बदलून, शुद्ध ठेवून परत देण्याची विद्या या देशात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. तीच विद्या बेटांकडे वळवायला सार्वजनिक पैसा हवा. आणि चाचण्यांच्या केंद्रांत नागपूरचे एम्स, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची कस्तुरबा रुग्णालयाची संस्था असावी. इथे येणारा रुग्णच सांगू शकेल की उपचार उन्हात, टीबीत, सिकलसेलमध्ये टिकतो की नाही.

पैसा सार्वजनिक असावा असे मी का म्हणतो, हे विदर्भाला समजावून सांगायची गरज पडू नये. २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीपासून सुटका मिळाली, पहिली काही वर्षे बरी गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित बियाणे असल्याने दर हंगामाला पाकीट विकत घ्यावे लागले, कोरडवाहूसाठी काय योग्य हे शेतकऱ्याला विचारून काही ठरले नाही, आणि गुलाबी अळी परत आली तेव्हा खर्च त्याच्याच अंगावर पडला. विज्ञान चांगले होते. ते कोणाच्या हातात आणि कोणाच्या अटींवर आले, तिथे आपण मार खाल्ला. इन्सुलिनची सुरुवात वेगळी झाली होती. १९२३ साली ते शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचा हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. नव्या बेटांचा हक्क आज कंपन्यांकडे आहे. त्या कंपन्यांनी जोखीम घेतली, पैसा ओतला, हे मान्य. पण भारतात सरकारी पैशातून जे निर्माण होईल त्याची किंमत आणि कोणाला आधी मिळेल याचा क्रम पहिल्याच करारात लिहिलेला असावा. नंतर मागितलेली सवलत ही भीक ठरते.

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी वेळ मागून घेतला आणि सगळ्या शाळांच्या शिक्षकांना विचारले: तुमच्याकडे सुई घेणारे लेकरू आहे का? आमच्या पोरीशिवाय आणखी दोन नावे आली. एका शाळेतल्या बाई गप्प बसल्या होत्या. परिषद संपल्यावर बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, माझ्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीच्या सुट्टीत गेला. कावीळ झाली असे घरचे म्हणायचे. पण तुम्ही सांगितलेले सगळे त्याला होते. पाणी, लघवी, वजन." त्या तिथेच व्हरांड्यात उभ्या राहून रडल्या.

ती तीन नावे आणि त्या मुलाचे चौथे, असा अर्ज मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिला आहे, पोच घेतली आहे. मागणी तीन ओळींची आहे: तालुक्यात टाइप १ची वही सुरू करा, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर मोजायची पट्टी आणि ४० युनिटच्या कुपीसोबत लाल टोपणाचीच सिरिंज ठेवा, उलट्या आणि धाप असलेल्या प्रत्येक लेकराची साखर सलाइन लावण्याआधी तपासा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडायचा आहे. मांडणार ते वडील. त्यांनी मला परवा रस्त्यात थांबवून विचारले, "गुरजी, ठरावात ते बेटायचंबी लिवाचं काय? का नागपूरले चाचणी झाली पाह्यजे म्हणून?"

मी म्हणालो, "लिहा भाऊ. चौथी ओळ तीच लिहा."

दीड एकर अजून त्यांच्याच नावावर आहे. पाऊस आला, पऱ्हाटीच्या नांग्या भरून झाल्या आहेत, आणि शाळेच्या कोपऱ्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीत, दोन मडकी एकात एक ठेवलेली आहेत. मधली रेती ती पोरगी रोज सकाळी प्रार्थनेआधी ओली करते.